चवथीच्या दिवशी स्वीकारलेला शोधनिबंध

सरळ सांगते, बनावट नियतकालिकात शोधनिबंध छापायच्या नादात ११,६५० रुपये गेले. प्रकाशनाचे ३,८००, डीओआयचे (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) १,२००, प्रमाणपत्राच्या छापील प्रतीचे ६५० आणि 'चाळीस सायटेशन'चे, म्हणजे इतरांच्या लेखांत माझ्या निबंधाचा संदर्भ घालायचे, ६,०००. शेवटचा आकडा लिहिताना मान खाली जाते, पण आता लपवून काय करू?

व्हॉट्सॲपवरचे ते मेसेज तुम्हालाही येत असतील. यूजीसी केअर (विद्यापीठ अनुदान आयोगाची तेव्हाची मान्य नियतकालिकांची यादी), इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या निबंधांचा संदर्भ किती घेतला जातो त्याचा आकडा) ७.८६, तीन दिवसांत प्रकाशन. मी कुडाळकडे बीएड कॉलेजात शिकवते. सहयोगी प्राध्यापकाच्या जागेला सात निबंध आणि संशोधनाचे ७५ गुण लागतात, माझे होत होते ४८. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षणशास्त्राच्या निबंधाला १० गुण, आणि इम्पॅक्ट फॅक्टर ५ ते १० मध्ये असला की वर २५. एका निबंधात ३५! माझ्या जागी तुम्हीही हाच हिशेब केला असता. आणि निबंध खरा होता हो! आंब्याच्या हंगामात शाळेतली मुलं का गळतात, हे दोन वर्षं हजेरीपट चाळून लिहिलं होतं.

१८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पाठवला. दुसऱ्या दिवशी चवथ. दुपारच्या आरतीला मेल आला: तज्ज्ञांनी परीक्षण केलं, निबंध स्वीकारला. सासूबाई म्हणाल्या, "चवथीच्या दिवशी खंयचो शाणो पेपर तपासता गो?" मी हसले. नेवऱ्या वाढून झाल्यावर हात पुसले आणि गूगल पेवर पैसे पाठवले, तेही कुणा एका माणसाच्या नावावर. चौथी शिकलेल्या सासूबाईंना जे दिसलं ते पीएचडीवालीला दिसलं नाही.

त्याच नियमावलीत लिहिलंय की इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा. ती यादी आता क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. २५ गुणांची ओळ मी पाठ केली, ही वाचलीच नाही. ७.८६ म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक निबंधाचा एका वर्षात सरासरी आठेक वेळा संदर्भ घेतला गेला. आमच्या विषयात हे जगातल्या निवडक नियतकालिकांना जमतं. तेव्हा आकडा दाखवला की पहिलं विचारा, दिला कुणी?

नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) एका खऱ्या छापील नियतकालिकाचे होते, वेबसाइट तेवढी बनावट. आयएसएसएन ही नुसती ओळख असते, दर्जाशी तिचा संबंध नाही. पैसे देण्याआधी तिथल्या आधीच्या लेखांचे डीओआय उघडून बघा, माझा आजतागायत उघडलेला नाही. चाळीसपैकी तेरा सायटेशन आली, त्यातलं एक ट्रॅक्टरच्या ब्रेकवरच्या लेखातून! साइट बंद पडली तशी तीही गळाली.

हे सगळं त्या जागेच्या अर्जाच्या छाननीत, चारचौघांसमोर उघड झालं. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, "मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत, लेख छापून आला, मग फसवणूक कसली?" मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर दीड वर्ष उलटलं होतं. तुम्ही त्याच तासाला करा. बँकेने पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी बँकेचं. केअर यादीच्या नावाने फसवलं म्हणून वरच्या कार्यालयात अर्ज केला, तर ती यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचं ऐकवलं. मग खोटी वेबसाइट काढणाऱ्यांवर कारवाई कुणी करायची? मुंबईपर्यंत दोन खेपा घातल्या, कोकणकन्येचं तिकीट वेगळं. तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: आपला अर्ज योग्य त्या कक्षाकडे वर्ग करण्यात आला आहे. कुठल्या कक्षाकडे, ते लिहिलेलं नाही.