एमजीबी जीटी आणि नवी जर्मन कूपे: माझं सगळं अडलं स्टेपनीपाशी

वेल्समधून रविवारी रात्री परत येताना खड्ड्यात नव्या कूपेच्या टायरची साइडवॉल फाटली, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. कंपनीचं नाव घेत नाही, जर्मन टू-डोअर आहे, दोन लिटर टर्बो, बाकी तुम्हाला माहितीय. एवढ्या महागाच्या गाडीत स्टेपनी नाही, जॅकसुद्धा नाही! त्याऐवजी दिलेला रनफ्लॅट, म्हणजे जाड कडांचा टायर, हवा गेल्यावरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किमी जातो म्हणतात, पण साइडवॉलच फाटल्यावर कसला जातोय. टोवाल्याची वाट बघत आम्ही तिघं थंडीत उभे. टायरवाला म्हणाला, फाटलेला सोडा, रनफ्लॅटचं साधं पंक्चरपण आम्ही काढत नाही, नवाच टाका. म्हणजे एका खिळ्याला अख्खा टायर, हे मला पटतच नाही.

माझी दुसरी गाडी १९६६ ची एमजीबी जीटी. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉवर स्टिअरिंग नाही, पहिल्या गिअरला सिंक्रोपण (गिअर अलगद पडायची सोय) नाही. पण डिकीच्या फळीखाली पाचवं तारांचं चाक आहे, बाकीच्या चारांसारखंच, स्पिनरला (चाकाच्या मधल्या नटाला) तांब्याच्या हातोडीने ठोके द्या, चाक बदला आणि निघा. शिवाय ४० वर्षांवरची असल्यामुळे इथे ब्रिटनमध्ये रोड टॅक्स शून्य, एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही (मी तरी दरवर्षी करून घेतो, ब्रेकचा प्रश्न आहे). कूपेची किंमत ४०,००० पौंडांच्या वर म्हणून तिला वरून जास्तीचा टॅक्स. एमजीबीला ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) पेट्रोल चालत नाही, कमी इथेनॉलचं महागडं ई५ टाकतो, तेवढं सोसतो.

उन्हाळ्यात मी सगळ्यांना सांगत होतो की कूपे विकून टाकणार. जानेवारीत मत बदललं. रस्त्यावर मीठ टाकायला लागले की एमजीबी बाहेर काढायचीच नाही, सिल्स (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) आतून सडतात आणि वेल्डिंगचा खर्च फार. एम६ मोटरवेवर पावसात कूपे इतकी शांत आणि पक्की चालते की बर्मिंगहॅमहून लेक डिस्ट्रिक्टला पोचलो तरी पाठ दुखत नाही, सीट तर अप्रतिमच. म्हणून ठेवलीय.

पण स्टेपनीशिवाय लांब जाणार नाही. स्पेस-सेव्हर (तात्पुरती बारीक स्टेपनी), जॅक आणि पाना वेगळा विकत घेतला, डिकीत पट्ट्याने बांधलाय, अर्धी डिकी गेली तरी चालेल. घेणार असाल तर ते चाक तुमच्या पुढच्या ब्रेक कॅलिपरवर बसतं का ते आधी लावून बघा, आमच्या गाडीला पहिलं आणलेलं बसलं नाही, परत करावं लागलं.