फान हाउटेन की फान डेर लिंडेन: कोणत्या वकील-मंत्र्याची कारकीर्द अभ्यासावी?

वकिली करता करता सार्वजनिक कामाकडे वळू पाहणारे तरुण सहकारी अधूनमधून विचारतात, परदेशातल्या एखाद्या वकील-मंत्र्याची कारकीर्द मुळापासून अभ्यासायची तर कोणाची घ्यावी? ब्रिटन-अमेरिकेतली नावं सगळ्यांना पाठ असतात, म्हणून मी नेदरलँड्सचं नाव सुचवतो. तिथे गेलं की दोन माणसांपाशी पाय अडखळतो: सॅम्युएल फान हाउटेन आणि पीटर कोर्ट फान डेर लिंडेन. दोघांनीही कायद्यात डॉक्टरेट घेतली, दोघांनीही वकिली केली आणि दोघेही उदारमतवादी. दोघांनी अंतर्गत व्यवहार खातं सांभाळलं, दोघांच्या खात्यावर मुलांसाठीचा कायदा आहे आणि मताधिकाराचा विस्तारही आहे. इतकं साम्य असल्यामुळेच निवड अवघड होते.

पहिल्या वाचनात फान हाउटेन मन जिंकतो, हे मान्य करायलाच हवं. 1837 साली ग्रोनिंगेनमध्ये जन्म, तिथेच वकिली, नगरपालिकेचं राजकारण आणि 1869 पासून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सलग 25 वर्षं. माणूस स्पष्टवक्ता आणि धर्मसत्तेला न जुमानणारा. संततिनियमनाचा विषय सभ्य घरांत काढायची चोरी होती, त्या काळात हा त्याची जाहीर बाजू घेत होता. समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला हेंड्रिक विलेम मेसडाख त्याचा मेहुणा. हेगमध्ये मेसडाखचं भलंमोठं गोलाकार चित्र आजही पाहता येतं. थोडक्यात, वाचायला रंगतदार आयुष्य.

त्याचं नाव डच शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं ते 19 सप्टेंबर 1874 च्या कायद्यामुळे. बारा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला त्या कायद्याने बंदी घातली. सरकारने आणलेला नव्हे, एका खासदाराने स्वतः मांडून मंजूर करून घेतलेला कायदा. आपल्याकडे खासगी विधेयकांची काय गत होते हे पाहणाऱ्याला यातलं मोठेपण वेगळं सांगायला नको.

पण माझी अडचण इथेच सुरू झाली. हा कायदा चिमुकला आहे, एका बैठकीत वाचून होतो. पहिलं कलम वाचताना ऊर भरून येतो: बारा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास मनाई. लगेच दुसरं कलम: घरकाम आणि शेतकाम यांना ही मनाई लागू नाही. म्हणजे खेड्यातलं मूल बाहेरच राहिलं. बरं, निदान कारखान्यांत तरी हा कायदा कोण पाळायला लावणार? पुढे वाचत गेलो तरी त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा सापडत नाही. निरीक्षक नाहीत, तपासणी नाही, सगळा भार नेहमीच्या पोलिसांवर. 1886-87 मध्ये संसदेलाच चौकशी बसवावी लागली आणि त्या चौकशीच्या विषयातच या कायद्याच्या अंमलाचा उल्लेख होता. मास्ट्रिख्टच्या काच आणि चिनीमातीच्या कारखान्यांत कोवळी पोरं रात्रपाळी करत होती, हे तिथल्या साक्षींतून सगळ्या देशासमोर आलं. कामगार निरीक्षक आले ते 1889 च्या कायद्यानंतर, आणि तो कायदा काही फान हाउटेनचा नव्हे.

दिवाणी कोर्टात काम केलेल्या कोणालाही हा सल लगेच कळेल. हुकूमनामा मिळतो, पक्षकार पेढे वाटतो आणि मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त वर्षानुवर्षं बेलीफाच्या मागे फिरत राहते. अशी प्रकरणं मी हाताळली आहेत. पक्षकाराच्या हातातल्या त्या कागदाकडे पाहवत नाही. म्हणून असेल कदाचित, पण 1874 चं कौतुक वाचताना माझं मन दर वेळी त्या दुसऱ्या कलमापाशी आणि न नेमलेल्या निरीक्षकापाशी अडतं. दुसऱ्या कोणाला ते इतकं खुपणार नाही.

मंत्री म्हणूनही तेच. 1894 ते 1897 या काळात अंतर्गत व्यवहार मंत्री असताना त्याने 1896 चा निवडणूक कायदा आणला. मतदार वाढले, जवळपास निम्म्या प्रौढ पुरुषांपर्यंत मत पोचलं. पण कसं? कर भरणारा मतदार, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा मतदार, ठरावीक पगाराचा मतदार, बचत बँकेत शिल्लक असलेला मतदार, परीक्षा पास झालेला मतदार! 1887 च्या राज्यघटनेने लायकी आणि सांपत्तिक स्थितीची खूण मागितली होती, त्यामुळे त्याचे हात बांधलेले होते, हेही खरं. मात्र उतारवयात तो सामाजिक विम्यासारख्या सुधारणांच्या विरोधात उभा राहिला आणि 1922 मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात, स्वतःचा छोटा उदारमतवादी पक्ष काढून निवडणुकीत उतरला. जिद्द थक्क करते, दिशा मात्र मला पटत नाही.

फान डेर लिंडेनकडे वळलं की आधी थोडं कोरडं वाटतं. 1846 चा जन्म, हेगमध्ये वकिली, मग ग्रोनिंगेन आणि अॅमस्टरडॅमला प्राध्यापकी. खासदार तो कधीच नव्हता. मंत्री झाल्यावर सहा महिन्यांत सभागृहात निवडून यायचं, हा आपला नियम. डच घटनेत उलटं आहे: मंत्रिपद आणि खासदारकी एकत्र चालत नाहीत. त्यामुळे बाहेरून थेट मंत्री होणं तिथे नवलाचं नाही. त्याच्या भाषणांत फान हाउटेनची धार नाही. पहिली काही पानं नेटाने वाचावी लागतात.

पण तो न्यायमंत्री असतानाचे, 1901 चे बालक कायदे उघडून पाहा. आईबापांकडून मुलाची हेळसांड होत असेल तर न्यायालयाला पालकत्व काढून घेता येईल, अशी तरतूद त्यांत होती. आणि सोबत पालकत्व मंडळंही, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी माणसं. 1905 पासून ती सुरू झाली. आजची डच बालसंरक्षण यंत्रणा त्यांच्यातूनच वाढली. मला जे 1874 मध्ये सापडलं नव्हतं, ते इथे होतं.

पुढे 1913 ते 1918 तो सरकारचा प्रमुख होता. बाहेर महायुद्ध, देश तटस्थ, अँटवर्प पडल्यावर सीमेवर दहा लाखांच्या आसपास बेल्जियन निर्वासित. अशा वेळी त्याने जुनी दोन भांडणं एकत्र सोडवायला घेतली. धार्मिक पक्षांना आपल्या शाळांसाठी सरकारी शाळांइतकाच पैसा हवा होता, उदारमतवादी आणि समाजवाद्यांना सर्व पुरुषांना मत हवं होतं. त्याने शाळांच्या प्रश्नावर सगळ्या पक्षांचे पुढारी एका समितीत बसवले आणि दोन्ही मागण्या 1917 च्या घटनादुरुस्तीत एकमेकींना बांधल्या. दुरुस्तीसाठी निवडणूक घ्यावी लागणार होती, तर पक्षांनी आपसांत ठरवलं की असलेल्या खासदारांसमोर उमेदवार उभे करायचे नाहीत. अनुदानित शाळांच्या वादांत आयुष्य घालवलेल्या आपल्याकडच्या वाचकाने हा भाग जरूर बारकाईने वाचावा.

त्याच दुरुस्तीने प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा, आणलं. त्याने त्याच्याच उदारमतवाद्यांचं नुकसान होणार, हे दिसत होतं. 1918 च्या निवडणुकीत झालंही तसंच. त्यानंतर उदारमतवादी पंतप्रधान थेट 2010 मध्ये, मार्क रुटे. तरीही तो मागे हटला नाही, आणि मला त्याची कारकीर्द आवडण्याचं हे दुसरं कारण.

त्याच्यातही उणिवा आहेत. 1917 मध्ये स्त्रियांना निवडून यायचा हक्क मिळाला, मत द्यायचा नाही. तो 1919 मध्ये आला, तोही दुसऱ्याच्या विधेयकाने. 1917 च्याच उन्हाळ्यात अॅमस्टरडॅममध्ये बटाट्यांवरून दंगल उसळली आणि सैनिकांनी गोळीबार केला. हे त्याच्याच सरकारच्या काळात.

तुम्हाला एकट्याने सभागृह हलवणारा माणूस हवा असेल, बंडखोर स्वभाव भावत असेल, तर फान हाउटेन घ्या. त्यात काही वावगं नाही. वेळ बेताचा असेल आणि कायदा लिहिणाऱ्यापेक्षा तो उभा करणाऱ्याकडून शिकायचं असेल, तर मी फान डेर लिंडेन म्हणेन. डच संसदेची 1814 पासूनची कामकाजाची नोंद इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. भाषांतराचं यंत्र जुन्या वळणाच्या डचपुढे अडखळतं, पण अर्थ लागतो. सुरुवात 1916-17 च्या घटनादुरुस्तीच्या चर्चेपासून करा. 1874 चा कायदा मध्येच एखाद्या संध्याकाळी वाचून होईल, फक्त दुसरं कलम गाळू नका.