कांजी पाठ करायच्या कशा: चित्रं, गोष्टी की गिरवणं?

कांजी म्हणजे जपानी लिपीतली चिनीतून आलेली अक्षरं. जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलं १०२६ कांजी शिकतात. रोजच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ आहेत. मोठेपणी शिकणाऱ्याला एवढी सवड नसते, म्हणून पद्धत आधीच नीट निवडावी.

चित्रांची कार्डं सुरुवातीला फार आवडतात. तीन सुळके म्हणजे डोंगर, तीन उभ्या धारा म्हणजे नदी, झाडाशेजारी माणूस म्हणजे विश्रांती. पण अशी चित्राक्षरं थोडीच. बहुतेक कांजींत एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. तिथे ओढूनताणून काढलेलं चित्र आठवतच नाही.

गोष्टी मात्र लांबपर्यंत साथ देतात. ‘देऊळ’ ही कांजी घ्या. तिच्या डावीकडे सूर्य आला की ‘वेळ’, हात आला की ‘धरणं’, माणूस आला की ‘सामुराई’. सूर्य कळसावर आला, नैवेद्याची वेळ झाली, एवढं मनाशी रचलं तरी पुरतं. शिवाय या चारही कांजींचा चिनी वळणाचा उच्चार ‘जि’च आहे! कांजीतली ही नाती दिसू लागली की अभ्यासाचं ओझं खरोखर हलकं होतं.

तयार गोष्टी हव्या असतील तर जेम्स हायसिग यांच्या ‘रिमेंबरिंग द कांजी’ या पुस्तकाचा पहिला भाग अर्थ आणि लेखन शिकवतो, उच्चार नाही. वानिकानी हे संकेतस्थळ अर्थ, उच्चार आणि शब्द एकत्र देतं, ठरावीक अंतराने उजळणीही करून घेतं. हाताने लिहायला शिकवत नाही. पहिल्या तीन पायऱ्या फुकट आहेत. दोन्हीकडच्या गोष्टी मूळ इंग्रजीत, त्यामुळे वानिकानीतल्या उच्चाराच्या खुणा आपल्या कानाला लागत नाहीत. त्या मराठीत स्वतः रचाव्यात. गाडीला ‘कुरुमा’ म्हणतात. गाडीत कुर्मा सांडला, झालं पाठ.

गिरवण्याबद्दल थोडक्यात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत सगळे प्रश्न पर्यायी असतात, कांजी लिहावी लागत नाही. तरी ‘धरणं’ आणि ‘वाट पाहणं’ यांसारख्या जुळ्या कांजी चार-पाचदा लिहाव्याच, त्याशिवाय नजर पक्की होत नाही.

एन-फाइव्ह या जेएलपीटीच्या सगळ्यात सोप्या पातळीपुरतंच शिकायचं असेल तर चित्रं आणि रोजचे शब्द यांवर भागेल. जपानमध्ये नोकरी करायची असेल तर पहिल्या महिन्यापासूनच घटक आणि गोष्टी धरा, आणि प्रत्येक कांजी निदान दोन शब्दांतून शिका.