खारीसाठी विचारलेली, टार्गेटसाठी घेतलेली: .१७७ एअर रायफल, आठ महिन्यांनंतर

"काका, खारी मारायला कुठली बंदूक बरी?" दिवाळीनंतर पुतण्याचा फोन आला. पाटण तालुक्यात आमची थोडी बागायत आहे. पेरू, चिकू आणि बांधाला नारळ. खारी पिकायला आलेला पेरू अर्धा कुरतडतात आणि पुढच्याला तोंड लावतात, हे खरंच आहे. त्याने मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून .२२ चं, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या काडतुसाच्या रायफलीचं, नाव पाठ केलं होतं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून घरी आलोय, त्यामुळे नळी असलेल्या कुठल्याही वस्तूची चौकशी माझ्याकडेच येते.

त्याला जे सांगितलं तेच आधी इथे लिहितो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि जीव लहान म्हणून त्यात सूट नाही. तिकडे अमेरिकेत खारीचा हंगाम ठरलेला असतो, परवाना काढावा लागतो, दिवसाला किती मारायच्या याची मर्यादा असते. तिथली करडी खार अर्धा किलोच्या घरात भरते आणि लोक तिचं मटण खातात. आपली पट्ट्यांची खार शंभरेक ग्रॅमची. शिवाय .२२ ची गोळी झाडावर वर मारली आणि चुकली, तर दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. आमच्याकडे प्रत्येक बांधापलीकडे कुणीतरी भांगलत असतं. आई शेजारीच बसली होती, ती एवढंच म्हणाली, "अरे, रामाची बोटं हायती तिच्या पाठीवर." तिथे तो विषय मिटला. पेरूला आता पिशव्या घालतो. मेहनत आहे, पण फळ हाती लागतं.

रायफल मात्र घरात आली, ती पुतण्याच्या धाकट्या बहिणीमुळे. पोरगी नववीत आहे, एनसीसीत आहे, आणि तिला दहा मीटर नेमबाजी शिकायची आहे. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायचा), म्हणजे .२२ चाच. पण सुरुवात हवेच्या रायफलीवर करायची, हे मी ठरवलं.

.१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी. नळी तेवढीच आणि ताकद २० जूलच्या आत असेल, तर शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदाराने आधारची प्रत आणि फोटो घेऊन वहीत नोंद केली. पोरगी अजून अठराची नाही, म्हणून खरेदी माझ्या नावावर आणि कुलपाची किल्लीही माझ्याकडे. देशी बनावटीची, नळी मोडून (म्हणजे सांध्यावर खाली वाकवून) भरायची, स्प्रिंगची रायफल, साडेअकरा हजारांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक निघतो आणि मी एकच नग वापरलाय.

खोक्यावर मोठ्या अक्षरात सेकंदाला १००० फूट वेग लिहिला होता. दुकानातच कागदावर हिशोब केला. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. नेहमीचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो खरंच त्या वेगाने सुटला तर ताकद २३ जूल होते, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. अर्थात तो आकडा हलक्या छऱ्याचा आहे, आणि तसले छरे कुणी टार्गेटला वापरत नाही. .२२ ची गोळी दीडशे जूलच्या आसपास जाते, त्या दोन वस्तूंची तुलनाच नको. म्हणून सांगतो, खोक्यावरच्या वेगाला भुलून पैसे देऊ नका. दुकानात नळी मोडा, परत बसवा आणि पुढच्या टोकाला धरून आडवी हलवून बघा. सांध्यात खडखड झाली तर ती रायफल खाली ठेवा. मी पाहिलेल्या तीनपैकी एक तशीच निघाली.

घरी पडवीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत टेपने बरोबर दहा मीटर मोजले. लाकडी पेटीत जुनी गोधडी आणि चिंध्या ठासून भरल्या, वर कार्ड लावलं, मागे दगडी भिंत. पहिल्या पंचवीस-तीस बारांना नळीतून निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास यायचा, आवाजही मोठा. कारखान्यातलं तेल आत पेट घेतं, त्याने घाबरू नका. साधारण दोनशे बार होईपर्यंत नेमाचा काहीच भरवसा नव्हता.

त्यानंतरही नव्हता, आणि चूक माझी होती. फौजेत आमची इन्सास रायफल खांद्यात घट्ट ओढून धरायला शिकवायचे, हात आपोआप तसाच बसतो. दहा छरे मारले तर भोकं दहाच्या नाण्याएवढ्या जागेत पसरायची. दोन दिवस मी रायफलीलाच दोष देत होतो. मग लक्षात आलं, चाप ओढल्यावर आतला दट्ट्या आधी धावतो, रायफल मागे आणि लगेच पुढे उसळते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत ही झटापट चालू असते. घट्ट धरलं की प्रत्येक वेळी आपली पकड थोडी वेगळी आणि उसळीही वेगळी. पुढचा हात उघडा ठेवला, तळव्यावर रायफल नुसती टेकवली, दस्ता खांद्याला जेमतेम लावला. त्याच छऱ्यांची पाच भोकं शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत आली. पुतणीला मी सुरुवातीपासून असंच धरायला शिकवलं. तिला जुनी सवय मोडायची नव्हती, म्हणून ती माझ्यापेक्षा लवकर शिकली.

छऱ्यांचंही सांगतो. स्वस्त डबीतले पन्नास छरे मी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एक एक करून तोलले. ०.४७ पासून ०.५५ ग्रॅमपर्यंत सापडले. हलका वर लागतो, जड खाली. चपट्या तोंडाचे जरा महाग छरे घेतले, ते कार्डात पंच मारल्यासारखं गोल भोक पाडतात, गुण मोजताना वाद राहत नाही. टोकदार छरे आणि लोखंडी गोळ्या घरात आणूच नका. गोळ्या उलट्या उडून येतात आणि नळीतल्या आट्या, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, खराब करतात.

रायफलीबरोबर फुकट मिळालेली दुर्बीण तीनशे बारांत गेली, आतली फुली वाकडी झाली. स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याला साधी दुर्बीण टिकत नाही. आता आम्ही माशीनेच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या दाण्यानेच, नेम धरतो, आणि शिकायला तेच बरं आहे. चाप जड आहे, लांब ओढावा लागतो आणि शेवटी अडकल्यासारखा होतो. पोरीला खरा त्रास नळी मोडण्याचा. वीस बार झाले की तिचे हात थरथरतात, मग भरून मी देतो. भरताना एक हात नळीवर घट्ट हवा. नळी निसटून परत आली तर बोटं तुटतील, हे मी तिला रोज सांगतो.

स्पर्धेसाठी ही रायफल नाही. स्पर्धेत साठ बार मारायचे असतात, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तिथल्या रायफली वेगळ्याच जातीच्या. त्यासाठी क्लबच्या रायफलीवरच जावं लागेल, आणि पुढच्या वर्षी तिला पाठवणार आहे. पण श्वास धरणं, चाप दाबणं, बार झाल्यावरही माशीवरून नजर न काढणं, हे सगळं ती या साडेअकरा हजारांत शिकली. मागच्या रविवारी दहापैकी सहा छरे तिने काळ्या वर्तुळात घातले. ते वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं असतं. उरलेले चार एकाच बाजूला डावीकडे गेले, म्हणजे चाप ओढताना बोट वाकडं होतंय. ते आता सुधारायचं आहे.

आमच्याकडचा पाऊस माहीत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. जुलैत माशीच्या बुडाशी तांबूस ठिपका दिसला, चारच दिवस पुसायचं राहिलं होतं. आता प्रत्येक वेळी हात लावल्यावर जुन्या बनियनच्या फडक्याला शिलाई मशीनचं तेल लावून नळी बाहेरून पुसतो. नळीच्या आत तेलाचा थेंबही घालत नाही. आणि सराव झाला की पोरीला साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू देत नाही, छरे शिशाचे असतात.