भाड्याचं घर : जर्मनीत फाइल चालते, नेदरलँड्समध्ये पगार

म्युनिक किंवा स्टुटगार्टला नोकरी आहे आणि नेदरलँड्समधल्या आयंटहोवनची ऑफर हातात आली. किंवा अ‍ॅमस्टेलवेनमध्ये बस्तान बसलंय आणि बर्लिनची कंपनी बोलावतेय. पगाराचा हिशेब सगळेच मांडतात, घराचा फारसा कोणी मांडत नाही. मग पहिले सहा महिने बॅगा भरण्या-उपसण्यात जातात. दोन्ही देशांत घरांची टंचाई आहे, दोन्हीकडे कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे, तरीही घर मिळवण्याची रीत पार वेगळी आहे. जर्मन घरमालक तुमचा मागचा इतिहास बघतो, डच एजंट तुमचा आजचा पगार. आपल्याकडे यातलं काय भक्कम आहे, ते ओळखून निर्णय घ्यावा.

जर्मनीची फाइल

जर्मनीत शोध सुरू होतो इमोस्काउट, इमोवेल्ट किंवा क्लाइनआनत्साइगन या साइटवर. शेअरिंगची खोली हवी असेल तर वेगेगेझुख्ट. जाहिरातीत ठळक आकडा असतो तो काल्टमिटेचा, म्हणजे नुसत्या जागेच्या भाड्याचा. त्यावर पाणी, कचरा, जिन्याची सफाई, बहुतेक ठिकाणी हीटिंग, असं सगळं चढून वार्ममिटे होतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं, शिवाय दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची फी, घरात टीव्ही असो वा नसो. ‘ड्राय झिमर’ म्हणजे आपला टू बीएचके. स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत धरत नाहीत.

खरी परीक्षा असते ती घर बघायला बोलावतात त्या दिवशी. मोठ्या शहरांत एकाच वेळेला पाच-पंचवीस जण येतात, जिन्यावर रांग लागते आणि प्रत्येकाच्या काखेत फाइल. त्यात शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, स्वतःबद्दलचा भरलेला फॉर्म, आधीच्या घरमालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र आणि शुफाचा दाखला, म्हणजे जर्मन क्रेडिट रिपोर्ट. नेदरलँड्सहून नव्याने आलेल्या माणसाचा शुफा कोराच असणार. तिथे डच घरमालकाचं पत्र आणि कंपनीच्या एचआरचं पत्र, दोन्ही शक्यतो जर्मनमध्ये, यांचा उपयोग होतो. घरमालक पुष्कळदा एखादे निवृत्त आजोबा असतात, त्यांची दोन-तीनच घरं असतात, आणि ‘हा माणूस दहा वर्षं शांतपणे राहील का’ एवढंच त्यांना बघायचं असतं. मोडकंतोडकं का होईना, जर्मन बोललात तर फरक पडतो. इंग्रजीतल्या ईमेलला बऱ्याचदा उत्तरच येत नाही.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढं. समजा काल्ट १,५०० युरो, तर ४,५०० युरो. ते तीन समान हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. फारच थोडे लोक तो मागतात. एजंटची फी २०१५ पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच द्यायची. त्यामुळे घरमालकाच्या एजंटने तुमच्याकडे दलाली मागितली तर सरळ नाही म्हणा.

नेदरलँड्सचा वेग

इकडे शोधाच्या साइट म्हणजे पारारियुस आणि फुंडा. सकाळी टाकलेली जाहिरात संध्याकाळी ‘आता विनंत्या घेत नाही’ म्हणते, म्हणून अलर्ट लावून ठेवायचा आणि पहिल्या तासाभरात अर्ज करायचा. शक्य असेल तर फोनच करावा. एजंट मोजक्याच लोकांना घर दाखवतो, आणि ते मोजके कोण हे पगार ठरवतो: एकूण मासिक पगार भाड्याच्या तिप्पट-चौपट हवा, अशी अट सर्रास असते. १,८०० युरोच्या घरासाठी तिपटीने ५,४००, चौपटीने ७,२००. काही एजंट जोडीदाराचा पगार अर्धाच धरतात, म्हणून अर्ज करण्याआधी विचारून घ्यावं. कागद थोडे लागतात: पासपोर्ट, पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र. इंग्रजीत सगळं आरामात चालतं.

डिपॉझिट जुलै २०२३ नंतरच्या करारांना दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घर सोडल्यावर १४ दिवसांत ते परत मिळायला हवं, काही कापायचं असेल तर ३० दिवसांत. जर्मनीत परतीला अशी ठरलेली मुदत नाही. नेबेनकोस्टेनचा, म्हणजे काल्टमिटेवर चढणाऱ्या पाणी-कचरा-हीटिंगच्या खर्चाचा, वार्षिक हिशेब होईपर्यंत घरमालक काही रक्कम अडकवून ठेवू शकतो, हे तिथून निघणाऱ्यांनी गृहीत धरावं.

जुलै २०२४ पासून नेदरलँड्समध्ये दोन मोठे बदल झाले. एक, मुदतीचे करार विद्यार्थ्यांसारखे अपवाद सोडले तर बंद झाले, आता बेमुदत करार हाच नियम. पुण्यात ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्यांना हे ऐकून बरं वाटतं. जर्मनीत तर बेमुदत करार हीच जुनी रीत आहे. दुसरा बदल गुणांचा. घराचं क्षेत्रफळ, ऊर्जेचा दर्जा, सरकारी मूल्यांकन यांवरून गुण पडतात आणि १८६ गुणांपर्यंतच्या घराचं भाडं कायद्याने बांधलेलं असतं. हिशेबाचा तक्ता भाडे समितीच्या, म्हणजे हूरकोमिसीच्या साइटवर आहे. राहायला गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तो लावून बघावा. मात्र याच बदलानंतर बऱ्याच घरमालकांनी रिकामी झालेली घरं पुन्हा भाड्याने न देता विकायला काढली. म्हणजे भाडं आटोक्यात आणि घरच बाजारात नाही, अशी गत. जर्मनीत टंचाईच्या शहरांत नव्या कराराचं भाडं स्थानिक सरासरीच्या १० टक्क्यांहून वर नेता येत नाही, आणि हा नियम २०२९ अखेरपर्यंत वाढवला आहे. पण ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या इमारतींना तो लागू नाही, आणि सजवलेल्या तात्पुरत्या घरांच्या आडून तो सर्रास चुकवला जातो.

रिकामं म्हणजे किती रिकामं

जर्मन घरात बऱ्याचदा स्वयंपाकघर नसतंच. खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काही नाही. भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप आणि छताला लोंबणाऱ्या वायरी. जाणारा भाडेकरू आपलं किचन विकायला काढतो, त्याची किंमत घासाघीस करूनच ठरवावी. डच घरात ओटा असतो, पण ‘काल’, म्हणजे उघडंबोडकं, असं लिहिलेलं घर घेतलंत तर पायाखाली नुसतं काँक्रीट. लॅमिनेट आधीचा भाडेकरू उखडून घेऊन गेलेला. ‘खेस्टोफेर्ट’ म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, ‘खेमॉयबिलेर्ट’ म्हणजे सगळं फर्निचर. वर्ष-दोन वर्षांसाठी जाणाऱ्याने काल घराकडे वळू नये. भाड्यात वाचलेले पैसे जमिनीत जातात. आणि डच घराचा जिना फोटोत नीट बघा. जुन्या घरांत तो शिडीइतका उभा असतो, आई-बाबा तीन महिने राहायला येणार असतील तर हा मुद्दा भाड्याइतकाच महत्त्वाचा.

पत्त्याची नोंद

तात्पुरतं घर घेताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच: या पत्त्यावर नोंदणी होईल का? नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेकडे नोंद करायची, तिथे बीएसएन, म्हणजे डच नागरिक सेवा क्रमांक, मिळतो, आणि त्यावर पगार, बँक, विमा सगळं चालतं. जर्मनीत नव्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ‘नोंदणी नाही’ असं लिहिलेलं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

दुरून, व्हिडिओवर बघून कायमचं घर घेण्याच्या मी विरोधात आहे. दोन-तीन महिन्यांचं सजवलेलं घर महाग पडतं, पण तिथे राहून शोधलेलं घर टिकतं. ऑफरच्या वाटाघाटीत रोख रकमेऐवजी कंपनीकडून हेच मागावं: नोंदणी होणारं तात्पुरतं घर आणि घर शोधून देणारा एजंट. मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल, असं कोणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. ही फसवणूक दोन्ही देशांत अगदी एकाच साच्याची असते.

मग कोणी कुठे?

पगार भक्कम, हातात वेळ कमी, जर्मन येत नाही: नेदरलँड्स सोपं जाईल. त्यात बाहेरून बोलावलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची तिथली करसवलत मिळाली तर पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग (२०२७ पासून २७ टक्के) करमुक्त होतो आणि महाग भाडं झेपतं. पण या सवलतीला अंतराची अट आहे. डच नोकरी सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांतले १६ हून अधिक महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा लांब राहिलेलं असावं लागतं. म्युनिकहून जाणाऱ्याला अडचण नाही. ड्युसेलडॉर्फ किंवा कोलोनमध्ये राहणाऱ्याचा पत्ता इथेच कटतो, आणि मग तोच १,८०० युरोचा आकडा वेगळा दिसायला लागतो.

एकाचाच पगार, मुलं शाळेत, आठ-दहा वर्षं एका जागी राहायचा विचार: मी जर्मनी म्हणेन. सुरुवातीचे चार महिने त्रासाचे जातील, फाइल घेऊन जिने चढावे लागतील. पण चालू करारात स्थानिक सरासरीवर नेतानाही भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांहून, टंचाईच्या शहरांत १५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. करारात वाढ महागाई निर्देशांकाला बांधलेली नाही ना, एवढं बघून सही करा, कारण तिथे ही मर्यादा लागत नाही.

आणि जर्मनीहून निघणार असाल तर दुहेरी भाड्याची तजवीज आधी करा. भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. १० ऑगस्टला दिलेली नोटीस ३० नोव्हेंबरला संपते, ३१ ऑक्टोबरला नाही. ईमेल चालत नाही, पेनाने सही केलेलं पत्रच लागतं. डच बाजूला भाडेकरूची नोटीस सहसा एका महिन्याची, मात्र करारात वर्षभराची किमान मुदत घातलेली असू शकते. तेव्हा ऑफरवर सही झाली त्याच दिवशी कॅलेंडर बघा, आणि डच घर मिळण्याची वाट न बघता पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवून द्या. दरम्यान राहायला कंपनीचं तात्पुरतं घर आहेच.