हेड बदललं म्हणून १८,००० घेतले, हार्ड डिस्क उघडलीच नव्हती

कॉम्प्युटर बंद पडलाय आणि दुरुस्तीवाला म्हणतोय "हार्ड डिस्क उडाली"? मग पैसे देण्याआधी आमच्या घरी काय झालं ते वाचा.

माझ्या भावाचं डीटीपीचं काम आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. ऐन लग्नसराईत कॅबिनेटमधून जळका वास आला आणि मशीन बंद पडलं. बटण दाबलं तर पंखासुद्धा फिरेना. ओळखीतून आलेला दुरुस्तीवाला कॅबिनेट उचलून दुकानात घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "दादा, हार्ड डिस्कचं हेड गेलंय. क्लीन रूममध्ये उघडावी लागेल, मुंबईला पाठवतो. १८,००० होतील, निम्मे आत्ता द्या." (हेड म्हणजे डिस्कच्या आतला माहिती वाचणारा-लिहिणारा भाग आणि क्लीन रूम म्हणजे धूळमुक्त खोली.) गिऱ्हाइकांच्या पत्रिका अडकलेल्या, भावाने लगेच पैसे पाठवले.

बरेच दिवस ताटकळवून त्याने एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सच्या फायली होत्या. फॉन्ट नाहीत, ब्राउझरचे बुकमार्क नाहीत, आउटलुकची जुनी मेल नाही. "सेटिंग्ज कधीच परत येत नसतात," म्हणाला. बिलावर मात्र "हेड बदलले" असं लिहून उरलेले पैसे घेतले.

मी जुनी डिस्क मागितली तर टाळाटाळ. "उघडलेली डिस्क कचराच असते, काय करणार तिचं?" हटून बसल्यावर दिली. अशा डिस्कच्या वरच्या झाकणाचा एखादा स्क्रू लेबलच्या कागदाखाली दडलेला असतो. बोटाने दाबलं की तिथे खळगा लागतो. कागद फाडल्याशिवाय किंवा सोलल्याशिवाय झाकण निघत नाही. आमच्या डिस्कवरचा कागद अखंड होता, एक सुरकुतीही नव्हती.

मग एका मित्राकडून साटा-टू-यूएसबी अडॅप्टर आणला, म्हणजे सुटी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडायचं साधन. बाजारात तो काहीशे रुपयांत मिळतो. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क असेल तर १२ व्होल्टचा वेगळा पॉवर प्लग असलेलाच घ्यावा लागतो, लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते. जोडल्याबरोबर डिस्क दिसली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये खराब सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) शून्य. जळला होता तो एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा!

"येत नाहीत" म्हटलेलं सगळं तिथेच होतं. 'युजर्स'मध्ये भावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'ॲपडेटा' हे लपवलेलं फोल्डर असतं. व्ह्यूमधून लपलेल्या फायली दाखवायला सांगितल्या की ते दिसतं, आणि बुकमार्क त्यातच असतात. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या एका पोटफोल्डरमध्ये सापडली, म्हणजे त्याने तेही नीट बघितलं नव्हतं. 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स'मधून मराठी फॉन्ट मिळाले. ते नसते तर जुन्या नॉन-युनिकोड पत्रिकांत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली असती. परवानगी नाकारल्याचा संदेश आला तेव्हा 'कंटिन्यू' दाबलं आणि फोल्डर उघडलं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र असे कॉपी करून चालत नाहीत, आणि सॉफ्टवेअर नव्याने टाकावीच लागतात.

पैशांपेक्षा मला जास्त लागलंय ते वेगळंच. त्या डिस्कवर गिऱ्हाइकांचे आधार कार्डांचे स्कॅन होते आणि ती इतके दिवस त्या माणसाकडे पडून होती. म्हणून कळकळीने सांगते, मशीन सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, मगच कॅबिनेट दुरुस्तीला द्या. एसएमपीएस किंवा मदरबोर्ड तपासायला तिची गरज नसते. द्यावीच लागली तर लेबलवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि "मूळ डिस्क परत मिळेल" असं पावतीवर लिहून घ्या. डिस्क खरंच टकटक आवाज करत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. ते काम खरोखर जाणकाराचं आहे. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. तिच्याशिवाय धडधाकट डिस्कही उघडणार नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, आम्ही तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. "हेड बदलले" लिहिलेलं बिल आणि अखंड लेबलचे फोटो, दोन्ही जपून ठेवलेत.