ब्लॉगरची कमेंटची सोय: वाचक जोडायला कितपत कामाची?

नाशिकचा माणूस द्राक्षबागेवर, किल्ल्यांवर किंवा मिसळीवर ब्लॉग लिहायला बसला की थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, वाचक आणायचे कुठून? आपल्याच विषयावर लिहिणाऱ्या दुसऱ्यांच्या लेखाखाली भर घालणारी कमेंट लिहिणं हा फुकटचा आणि खात्रीचा मार्ग आहे. गुगलच्या ब्लॉगर या सेवेत तो चांगला चालतो, पण मूळ सेटिंग्ज तशाच ठेवल्या तर निम्मी मेहनत पाण्यात जाते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कमेंटमधल्या लिंकमुळे गुगल सर्चमध्ये ब्लॉग वर चढत नाही. अशा लिंकांना २००५ पासून ‘नोफॉलो’ची, म्हणजे सर्चने ही लिंक धरू नये अशी, खूण लागते. त्यामुळे ‘छान लेख, माझाही ब्लॉग वाचा’ असं पन्नास ठिकाणी चिकटवून काहीही हाती लागत नाही. कमेंट वाचून कुणाला तुमच्या नावावर टिचकी मारावीशी वाटली, तरच वाचक येतो.

आणि नेमकी तिथेच ब्लॉगरची रचना कच्ची आहे. गुगल खात्यातून कमेंट केली तर नावावरची टिचकी थेट ब्लॉगवर जात नाही, आधी प्रोफाइलच्या पानावर जाते. ते पान बंद असेल तर वाचक तिथूनच परत फिरतो. म्हणून सेटिंग्जमध्ये अगदी खाली ‘यूजर प्रोफाइल’ उघडा, प्रोफाइल शेअर करण्याचा पर्याय चालू करा, ईमेल दाखवण्याचा बंद करा आणि ब्लॉगांच्या यादीत फक्त चालू ब्लॉगवर खूण ठेवा. २०१२ नंतर न हललेला कवितांचा ब्लॉग तिथे दिसत असेल तर द्राक्षांसाठी आलेला माणूस गोंधळतो.

यापेक्षा सरस पर्याय म्हणजे ‘नाव/यूआरएल’, म्हणजे कमेंट करताना गुगल खात्याऐवजी नुसतं नाव आणि आपला पत्ता देणं. त्यात टिचकी सरळ तुमच्या पानावर येते. पत्ता मुखपृष्ठाचाच द्यायला हवा असंही नाही. हरिहर गडावरच्या लेखाखाली लिहिताना आपल्या हरिहरच्याच लेखाचा पत्ता द्यावा. मात्र ब्लॉगमालकाने कुणालाही कमेंट करायची मुभा दिली असेल तरच हा पर्याय दिसतो, आणि अशी कमेंट नंतर तुम्हाला स्वतःला काढता येत नाही. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर संकेतस्थळाचा पत्ता भरायची चौकट समोरच असते, त्या बाबतीत ते उजवं आहे.

आता मजकूर. समजा, कुणी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या डाऊनी या बुरशीजन्य रोगावर लिहिलंय. त्याखाली ‘उपयुक्त माहिती’ लिहून उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘तुम्ही दिलेलं फवारणीचं वेळापत्रक निफाडकडच्या छाटणीला बसतं. बागलाणात अर्ली छाटणी पावसाळ्यातच होते, त्यामुळे कोवळी फूट थेट पावसात सापडते आणि डाऊनीचा धोका आधीच सुरू होतो. तिकडच्या बागांसाठी वेगळं वेळापत्रक द्याल का?’ यात लेख वाचल्याचा पुरावा आहे, लेखात नसलेली माहिती आहे आणि उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. बागलाणातल्या सटाण्याचा बागायतदार हे वाचून नावावर टिचकी मारणारच. चार-पाच वाक्यं पुरतात. मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे, पण तेवढं सांगायचं असेल तर आपल्या ब्लॉगवर लेखच लिहावा.

ब्लॉगरवर प्रसिद्ध झालेली कमेंट दुरुस्त करता येत नाही. गुगल खात्यातून लिहिली असेल तर काढता येते, पण काढल्याची सूचना मागे राहते. म्हणून नोट्समध्ये लिहून, शुद्धलेखन पाहून मगच चिकटवा. पत्ता नुसता चिकटवला तर त्याची लिंक होत नाही, त्यासाठी एचटीएमएलचा ‘ए’ टॅग लागतो, असा: <a href="पत्ता">शब्द</a>. ठळक आणि तिरप्या अक्षरांचे टॅगही चालतात. वर्डप्रेसवर नुसत्या पत्त्याचीही लिंक होते, पण मूळ सेटिंगनुसार दोन लिंका असलेली कमेंट मंजुरीसाठी अडकते. कुठेही एकच लिंक द्या, तीही विषयाला धरून असेल तरच.

मराठी ब्लॉगकारांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे लेखाचा पत्ता. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा टाकतो. वर्डप्रेस देवनागरी ठेवतो, पण कॉपी केल्यावर एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि कमेंट विद्रूप दिसते. प्रकाशित करण्याआधीच पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्यात, दोन-तीन रोमन शब्द घाला. ब्लॉगरवर नंतर बदललात तर जुन्या लिंका तुटतात.

कधी कधी ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर कमेंट गायब होते किंवा पुन्हा पुन्हा लॉगिन मागितलं जातं. लेखाखालीच बसवलेली चौकट आणि ब्राउझरने अडवलेल्या थर्ड-पार्टी कुकीज (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या साइटने ठेवलेल्या नोंदी) हे त्याचं नेहमीचं कारण. ब्लॉग तुमचा असेल तर कमेंटची जागा ‘फुल पेज’ किंवा ‘पॉपअप’ करा. उत्तराखाली उत्तराची मांडणी जाते, पण कमेंट पोचते आणि ते जास्त महत्त्वाचं. तीच कमेंट तीनदा टाकू नका. ती बहुधा मंजुरीच्या रांगेत किंवा स्पॅममध्ये असते. स्वतःच्या ब्लॉगचं स्पॅमही आठवड्यातून एकदा चाळा, आणि कॅप्चा (कमेंट करणारा माणूसच आहे ना, याची चाचणी) बंदच ठेवा. जुन्या लेखांपुरती मंजुरी लावली तरी उपद्रव बराच आटोक्यात येतो.

वाचक कुठून आले हे ‘आकडेवारी’त दिसतं. ‘नाव/यूआरएल’ वापरलं असेल तर त्या ब्लॉगचा पत्ता नोंदला जातो. प्रोफाइलमार्गे आलेला मात्र ब्लॉगरच्याच नावावर पडतो, मग कोणत्या कमेंटने त्याला आणलं ते कळत नाही. महिनाभर सतत लिहूनही एखाद्या ब्लॉगवरून कुणीच येत नसेल तर तो वेळ दुसऱ्या ब्लॉगला द्यावा, आणि आपल्याकडे आलेल्या कमेंटला त्याच दिवशी उत्तर द्यावं.